'बारी' म्हणणारी मुलगी : बडोद्यातलं एक प्रकरण

आजींचा पहिला फोन जुलैच्या मध्यावर आला. "ताई, नात आलीय अमेरिकेहून. सोळा वर्षांची. तीन आठवडे झाले, घुम्यासारखी बसून असते. काही विचारलं की 'आय ॲम फाइन'. मराठी सगळं कळतं हो तिला, मालिकेतले विनोद कळून हसते, पण तोंडातून एक शब्द नाही. तिची आई तिकडून रोज विचारते, डिप्रेशन तर नाही ना? तुम्ही एकदा बघा."

कुटुंबाची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे टिपण लिहिते आहे. नावं देत नाही; नात, आजी, आजोबा, आई, बाबा, दादा एवढ्यावर भागवते. मी समुपदेशक आहे, आणि बडोद्यात राहणारी आमच्या मराठी घराची तिसरी पिढी. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या प्रकरणात मी पूर्ण तटस्थ होते असं मला म्हणता येणार नाही.

पहिली भेट

नात आजींबरोबर रिक्षानं आली. जुलैतल्या चिकट उकाड्यात टोपीचा स्वेटशर्ट, बाह्या तळहातापर्यंत ओढलेल्या. पहिली वीस मिनिटं आजीच बोलल्या. मग त्यांना बाहेर बसवलं आणि मी मुलीशी इंग्रजीत सुरुवात केली. तिला मोकळं वाटावं, एवढाच हेतू. ती नीट उत्तरं देत होती, शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखी. अर्ध्या तासानं म्हणाली (तिचं बोलणं बहुतेक इंग्रजीत होतं, मी मराठीत देते आहे), "इथं मला बघितलं की सगळे इंग्रजी बोलायला लागतात. आणि मग मी मराठी बोलत नाही म्हणून सगळ्यांना रडू येतं."

मी गप्प झाले. मीही तेच केलं होतं. पुढच्या भेटीपासून मी मराठीत बोलायचं आणि तिनं तिला हवं त्या भाषेत, असं ठरवलं.

झोप, भूक, स्वतःला इजा करण्याचे विचार, हे सगळं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. झोपेची घडी विस्कटलेली होती, पण त्याचं कारण साधं होतं. तिचं घर अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, आणि उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे मैत्रिणींची संध्याकाळ म्हणजे इथली पहाट. ती पहाटे पाचला जागी राहून त्यांच्याशी बोलायची आणि दुपारभर पेंगायची. जेवण ठीक होतं, हसणं होतं, पुढच्या वर्षाचे बेतही होते. नैराश्याचा आजार म्हणावा असं काही जुळत नव्हतं, तसं आईला कळवलं. आईला हायसं वाटलं, पण लगेच दुसरा प्रश्न आला: "मग बोलत का नाही?"

निघताना मुलीनं दारात थांबून विचारलं, "मी तुम्हाला काय म्हणू? तिकडे सगळ्याच आंटी असतात." मी म्हटलं, मावशी चालेल. तिनं मान हलवली. तो शब्द तोंडातून बाहेर यायला मात्र आणखी तीन आठवडे गेले.

फ्रिजवरचा कागद

दुसऱ्या भेटीआधी मी त्यांच्या घरी गेले. दांडिया बाजारच्या मागच्या अंगाला जुनं घर, पुढच्या खोलीत पितळी कड्यांचा झोपाळा. फ्रिजवर चुंबकानं एक छापील वेळापत्रक लावलेलं. ते आईनं तिकडून पाठवलेलं: सकाळी सातला सूर्यनमस्कार, आठला श्लोक, दहाला देवनागरी लेखन, संध्याकाळी पाचला हार्मोनियमचा क्लास. खाली ठळक अक्षरात, 'आजी-आजोबांशी फक्त मराठीत बोलणे.' दहा आठवड्यांत एक माणूस मराठी करायचा होता.

यात आईला खलनायिका करणं सोपं आहे, पण खरं नाही. आई पुण्याची, चांगली शिकलेली. नवऱ्याबरोबर अवलंबिताच्या एच-४ व्हिसावर गेली आणि तिकडे कित्येक वर्षं तिला नोकरीच करता येत नव्हती. त्या व्हिसावरच्या काही जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला तो २०१५ पासून. त्याआधी थोरला मुलगा उशिरा बोलायला लागला, तेव्हा बालवाडीतल्या कुणीतरी सल्ला दिला की घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी. दोन भाषांमुळे मूल बोलण्यात मागे पडत नाही, हे आज या क्षेत्रात सर्वमान्य आहे. पण परक्या देशात, मूल बोलत नाहीये अशा वेळी, आई कुणाचं ऐकणार? तिनं मुलांशी मराठी बोलणं बंद केलं. आता मुलगी कॉलेजला जायच्या उंबरठ्यावर आहे आणि आईला हिशेब चुकता करायचाय. ते वेळापत्रक म्हणजे तिची हळहळ होती, तासांत विभागलेली.

त्या घरात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे मी पुरेसं लक्ष दिलं नाही. बाबा बडोद्याचे, संगणकाच्या नोकरीवर १८ वर्षांपूर्वी गेले. दादा इथं जन्मलेला, तीन वर्षांचा असताना गेला. नात तिकडे जन्मली, म्हणून जन्मानंच अमेरिकेची नागरिक. बाबा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आई आणि दादा एच-४वर, आणि ग्रीन कार्डाची, म्हणजे तिथं कायम राहण्याच्या परवान्याची, रांग संपायचं नाव नाही. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांच्या भाषेत मोजतात. मूल २१ वर्षांचं झालं की त्याला आईवडिलांच्या व्हिसावर राहता येत नाही. दादाला गेल्या वर्षी २१ पूर्ण झाली. जेमतेम बोलायला लागल्यापासून ज्या गावात वाढला, तिथंच तो आता परदेशी विद्यार्थी म्हणून राहतो.

घरात दोन वर्षं एकच विषय होता: दादाचं काय होणार. "मी काही म्हटलं की," नात म्हणाली, "उत्तर ठरलेलं. तुला काय कमी आहे? तुझ्याकडे पासपोर्ट आहे." भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून इकडचं तिच्याकडे आहे ते ओसीआय कार्ड. आयुष्यभर येता-जाता येतं, मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. ते आजोबांनी स्वतःच्या लोखंडी कपाटात, घराच्या खरेदीखताशेजारी ठेवलंय.

बारी आणि खिडकी

परदेशी वाढलेल्या भारतीय मुलांविषयी बोलताना डब्याची गोष्ट हमखास निघते: भाजीच्या वासाला गोरी मुलं हसली आणि मूल पोळी लपवायला लागलं. मीही तीच विचारली. नात हसली. "आमच्या वर्गात निम्मी मुलं भारतीय. माझ्या डब्याला कुणी हसलं नाही. थेपल्यांची अदलाबदल व्हायची."

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास वाढलेलं मूल ते. ओक ट्री रोडवर साडीपासून सुपारीपर्यंत सगळं मिळतं आणि दुकानांत गुजराती कानावर पडते. तिला लागलेला काटा गोऱ्यांचा नव्हता. तो आपल्यातला होता, म्हणून हे प्रकरण मला सांगावंसं वाटलं.

आई इंग्रजीवर गेली तरी बाबांनी मराठी सोडली नव्हती. त्यामागे काही धोरण नव्हतं. रात्री मुलीला झोपवायचं काम त्यांचं, आणि गोष्ट सांगताना त्यांच्या तोंडी मराठीच यायची. मुलीनं जी मराठी उचलली ती सगळी त्या अंधाऱ्या खोलीतली. म्हणजे अक्षरशः बाबांची मराठी. ती म्हणायची, "मी जेवलो", "मी दमलो", कारण 'मी' म्हणून क्रियापद वापरणारा एकच माणूस तिच्या कानात होता आणि तो पुरुष होता. शिवाय बाबांची मराठी बडोद्याची. आमच्याकडे गुजरातीतले शब्द सरमिसळ होतात. झोपाळ्याला हिंचका. वेळ लागेलच्या जागी 'वार लागेल', ज्यावर पुण्याची सून हटकून विचारते, "कसला वार, तलवारीचा?" आणि खिडकीला बारी.

आठ वर्षांची असताना तिला तिकडच्या रविवारच्या मराठी वर्गात घातलं. घराचं चित्र काढून भागांची नावं लिहायची होती. तिनं खिडकीला बाण काढून लिहिलं, 'बारी'. शिकवणाऱ्या काकूंनी लाल पेनानं त्यावर काट मारून 'खिडकी' लिहिलं आणि प्रेमानंच म्हणाल्या, "अगं, हे गुजराती झालं." मागून एक मुलगा म्हणाला, "गुज्जू." मग तिनं काहीतरी उत्तर दिलं, त्यात "मी सांगितलो" आलं आणि वर्ग खदखदला. काकूंचा यात दोष काढावा असं मला वाटत नाही. पंधरा मुलं, दोन तास, समोर पाठ्यपुस्तक. पण मुलगी घरी आली आणि बाबांना म्हणाली, "तू मला चुकीचं शिकवलंस."

सोमवारी रात्री बाबांनी गोष्ट इंग्रजीत सांगितली. त्यानंतर रोजच.

हे ती चौथ्या भेटीत सांगत होती आणि बोलताना टेबलावर बोटानं खिडकीसारखा चौकोन काढत होती. मी वहीत तेवढंच लिहिलं: भाषा गेली नाही, बाबांबरोबर खोलीत बंद झाली.

नावाचंही तसंच. तिच्या नावात 'ज्ञ' आहे. पुण्याची आजी 'द्न्य' म्हणते. बडोद्यातले शेजारी आणि एडिसनच्या मैत्रिणी 'ग्न' म्हणतात. पासपोर्टवर बाबांनी मराठी उच्चाराप्रमाणे डी-एन-वाय घातलंय, त्यामुळे शाळेत हजेरी घेताना बाई त्या अक्षरांपाशी येऊन थबकतात आणि ती नाव वाचलं जायच्या आधीच हात वर करते. कॉफीच्या दुकानात ती वेगळंच, दोन अक्षरी नाव सांगते. 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द रूढ करणारे एरिक एरिक्सन स्वतः जर्मनीत वाढलेले, १९३३ मध्ये अमेरिकेत गेलेले आणि तिथं आडनाव बदललेले होते. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना एकदाच बदलायला लागलं."

मसाल्याचा डबा

तिला सुट्टीत इथं पाठवण्यामागे आणखी एक कारण होतं, जे आजी-आजोबांनाही ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सामायिक अर्जात एक वैयक्तिक निबंध लागतो, ६५० शब्दांच्या आत. त्यातला एक विषयच मुळी तुमची पार्श्वभूमी आणि ओळख असा असतो. जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेश देताना वंश विचारात घेणं बंद केलं, पण वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्यानं निबंधात लिहायला हरकत नाही, असंही म्हटलं. तेव्हापासून त्या ६५० शब्दांवर पालकांचा डोळा आणखीच. बाबांनी पैसे देऊन एक सल्लागार लावला होता. त्याचं म्हणणं, भारतात जाऊन ये आणि आजीवर लिही.

पाचव्या भेटीत तिनं मला फोनवर तो निबंध दाखवला. बडोद्याच्या घरात पहाटे आजी खलबत्त्यात मसाले कुटते, तो वास नातीच्या केसांत शिरतो, आणि नातीला कळतं की आपण कोण आहोत. छान लिहिलेला.

"कधी लिहिलास?"

"मे महिन्यात. यायच्या आधी."

आजी गोडा मसाला पुण्याहून तयार मागवतात. खलबत्ता माळ्यावर आहे. आजी बँकेतून निवृत्त झालेल्या. सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडतो तेव्हा चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसतात आणि साडेदहापर्यंत त्यांना कुणी हाक मारलेली चालत नाही. नातीला हे आल्याच्या दुसऱ्या दिवशी दिसलं. निबंधातली आजी आणि टीव्हीसमोरची आजी यांचा मेळ बसेना, आणि तिला वाटायला लागलं की खोटी आपणच आहोत. पुढे श्लोकाच्या वेळी, हार्मोनियमच्या वेळी, सगळीकडे तिला आपण तो निबंधच पाठ म्हणतोय असं वाटायचं. म्हणून तोंड बंद.

मला इथं प्रकरणाची गाठ सापडली असं वाटतं. आपण सगळे म्हणतो की ही मुलं दोन संस्कृतींमध्ये अडकतात. ही मुलगी अडकली नव्हती. तिला जो तो एक तयार उत्तर मागत होता, आणि प्रत्येकाला वेगळं हवं होतं: आईला शुद्ध मराठी, सल्लागाराला मसाल्याचा वास, मराठी वर्गाला 'गुजराती नसलेली', अर्जाला 'आशियाई भारतीय' या चौकोनातली खूण.

मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी स्थलांतरितांच्या वागण्याचे चार प्रकार सांगितलेत: आपलं आणि तिथलं दोन्ही धरणारे, आपलं सोडून तिथलंच घेणारे, आपलंच धरून वेगळे राहणारे, आणि दोन्हीकडून सुटलेले. मी कागदावर चार चौकोन काढून दिले. तिनं चारींत खुणा केल्या: शाळेत पहिला, गरब्याच्या संघात पुन्हा पहिला पण 'आपलं' म्हणजे गुजराती, मराठी मंडळात चौथा, घरी आईसमोर दुसरा. तिसऱ्यात लिहिलं, 'पहाटे पाच, फोनवर'. मला ती चौकट तिच्यापेक्षा बाबांशी बोलायला जास्त उपयोगी पडली. संगणकाच्या माणसांना चौकोन आवडतात.

काय केलं

आजींना सांगितलं, तीन आठवडे तिचा एकही शब्द सुधारायचा नाही. ती 'मी आलो' म्हणाली तर 'ये' म्हणायचं. आजींना हे उपवासापेक्षा कठीण गेलं. फ्रिजवरचं वेळापत्रक आईच्या संमतीनं काढलं. संमती मिळायला दोन व्हिडिओ कॉल लागले आणि दुसऱ्यात आई रडली. हार्मोनियम ठेवली, कारण ती मुलीला आवडत होती.

सव्वानऊचा चहा मात्र मी मुद्दाम सुचवला. नुसतं शेजारी बसायचं. चौथ्या दिवशी आजींनी फोन केला, आवाज दबलेला: "ताई, आज म्हणाली, 'आजी, हा का पडला?' मराठीत!" पडला तो एका सिमेंट कंपनीचा शेअर. त्या दोघींची मराठी पुढे वाढली ती बाजारातच. नफा, तोटा, घाई करू नको, थांब अजून. श्लोकांनी जे जमलं नाही ते निफ्टीनं केलं, असं मी आजोबांना म्हणाले तर ते जरा दुखावले.

आजोबांचं स्वतःचं एक प्रकरण आहे. त्यांच्या आजोबांना गायकवाडीत नोकरी होती, तेव्हाचा एक मोडीतला कागद त्या लोखंडी कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. एका संध्याकाळी त्यांनी तो नातीपुढे उलगडला, आपली मुळं म्हणून. तिनं विचारलं, "काय लिहिलंय?" आजोबा म्हणाले, मोडी मला वाचता येत नाही. घरात कुणालाच येत नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही तुमचं वाचता येत नाही." उद्धटपणे नाही, आश्चर्यानं. आजोबा झोपाळ्यावर बराच वेळ पाय टेकून थांबले.

मग ते बोलायला लागले. बडोदा संस्थान १ मे १९४९ला मुंबई राज्यात गेलं, आणि १ मे १९६०ला गुजरात वेगळं झालं तेव्हा आजोबा तेरा वर्षांचे, मराठी शाळेत. "आम्ही घर हलवलं नाही, राज्यच हललं." पुण्याच्या लग्नांत त्यांना 'गुजरातचे पाहुणे' म्हणत. २०१८ मध्ये एक्क्याण्णवावं साहित्य संमेलन बडोद्यात झालं, तेव्हा एक पाहुणे कौतुकानं म्हणाले, "तुम्ही इथं राहून मराठी टिकवलीत हो!" आजोबांना अजून तो राग आहे. "टिकवली म्हणजे? लोणचं आहे का? आम्ही बोलतो."

हे ऐकून नात त्यांच्या गळ्यात पडली असेल असं वाटत असेल तर तसं झालं नाही. ती मला म्हणाली, "पण आजोबांकडे अख्खी गल्ली होती. गणपती होता, विठ्ठलाचं देऊळ होतं, शाळा होती. सगळे बारीच म्हणत होते. मी एकटी म्हणते." तिचं बरोबर होतं. माझ्या डोक्यात आजोबा आणि नात यांची सुंदर जोडी जुळवून झाली होती, ती मी तिथंच सोडली.

जिना

ऑगस्टमध्ये एका नातलगाकडे मंगळागौर होती. नातीला नऊवारी नेसवली, नथ घातली. खेळ ती मनापासून खेळली, फुगड्यांत तर तिनं दोघींना दमवलं. मग एका काकूंनी फोन समोर धरला: "बोल ना गं काहीतरी मराठीत, रील करू. अमेरिकेची मंगळागौर!" ती "मी..." एवढंच म्हणाली आणि थांबली. पुढचं क्रियापद काय येईल ते तिला ठाऊक होतं. नथ काढून तिनं टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेली.

दीड तास पत्ता नव्हता. फोन बंद. आजी-आजोबांची काय अवस्था झाली असेल ते लिहीत नाही. मला निरोप आला तेव्हा माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. सुधारायचं नाही म्हणून सगळ्यांना बजावलं, बाहेरच्या बायका विसरले.

ती नऊवारीतच सेव उसळीच्या गाडीवर गेली होती. आमच्या गावचं हे खास खाणं: वाटाण्याची उसळ, वर लाल तरी, मूठभर जाड शेव, कांदा, शेजारी पाव. नाव मराठी, खाणारं गाव गुजराती. गाडीवाल्यानं विचारलं, "तीखुं?" तिनं सांगितलं, "थोडुं." त्यानं वाटी पुढे केली. "मावशी," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, आणि हा तो शब्द पहिल्यांदाच, "या महिन्यात मला फक्त तिखट किती एवढंच विचारणारा तो पहिला माणूस."

काकूंनी ते रील टाकलं नाही, एवढं श्रेय त्यांना.

बाबा

तिला न्यायला बाबा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आले. शेवटची भेट दोघांची एकत्र घेतली. बाबा उंच, खांदे पडलेले, विमानाची झोप डोळ्यांत. मी काही प्रस्तावना करायच्या आत मुलीनं विचारलं, इंग्रजीत: "तू मराठीत गोष्ट सांगणं का थांबवलंस?"

बाबा आधी म्हणाले, तू मोठी झालीस म्हणून. ती म्हणाली, दुसऱ्या दिवशी? एका दिवसात?

बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू होते. बाबा मराठीत म्हणाले, "तुला माझ्यामुळे हसले. मला वाटलं, निदान माझ्यासारखं बोलू नकोस." पुण्यात सासरच्यांसमोर आपण अजूनही वाक्य मनात एकदा जुळवून मग बोलतो, हेही त्यांनी सांगितलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली. मुलीला हे माहीत नव्हतं. मला वाटतं, त्यांच्या बायकोलाही नसावं.

निबंधाबद्दल बापलेकीचं एकमत झालं नाही. तिनं मसाल्याचा निबंध पुसला होता आणि बाबांना त्याचा खर्च दिसत होता. मी त्यात पडले नाही.

नंतर

तिकडच्या राज्याच्या परवान्याशिवाय मला तिचं समुपदेशन पुढे चालवता येत नाही. तिच्या शाळेतल्या समुपदेशिकेला द्यायला एक पानी टिपण लिहून दिलं, बाकी बातम्या आजींकडून. निबंध शेवटी तिनं गावातल्या पोहण्याच्या तलावावर केलेल्या जीवरक्षकाच्या कामावर लिहिला. त्यात भारत कुठंच नाही. बाबा आठवडाभर फारसे बोलले नाहीत. आईशी तिचं अजून इंग्रजीतच चालतं आणि खटकेही उडतात. बाजार पडला की आजीला तिचा आवाजी निरोप येतो. नोव्हेंबरातला एक आजींनी मला ऐकवला: "आजी, रात्री बारी उघडी राहिली. मी थंडीनं उठलो." आजी म्हणाल्या, "उठले म्हण, असं लिहिलं होतं मी. मग पुसलं. पाठवू का नको, ताई?" मी म्हटलं, तिलाच विचारा. त्यांनी विचारलं. तिचं उत्तर आलं, आजीशी 'उठले' म्हणून बघते, बाबांशी नाही.

या प्रकरणात माझी एक मोठी चूक राहिली. सात भेटींत मी दादाबद्दल ऐकलं, लिहून घेतलं, त्याच्या व्हिसाची तारीख माझ्या वहीत आहे, पण त्याच्याशी बोलायचं मला एकदाही सुचलं नाही. बहिणीला नाव, भाषा, निबंध यांचा त्रास होता. त्याला तर ज्या गावात वाढला तिथं राहता येईल का, हेच माहीत नाही. इकडचा पासपोर्ट त्याच्याकडे आहे आणि इकडचं त्याला काही आठवत नाही.

डिसेंबरात त्याचाच मेसेज आला, आजींकडून नंबर घेऊन. इंग्रजीत, दोन ओळी: तुम्ही फक्त लहान मुलांना भेटता का, आणि व्हिडिओवर बोलता का. मी माझ्या परवान्याची अडचण लिहिली, त्याच्या कॉलेजात समुपदेशन केंद्र असेल तिथं आधी नाव नोंदव म्हटलं, आणि एकदा नुसतं बोलायला माझी हरकत नाही असंही. हिवाळ्यात अंतर साडेदहा तासांचं होतं. त्याची शुक्रवारची रात्र साडेआठ, माझी शनिवारची सकाळ सात, अशी वेळ ठरली आहे.